'माग' चालेल, 'गळती' नको

प्रश्न असा आहे: खुल्या वीजबाजारातल्या 'पॉवर फ्लो ट्रेसिंग'ला (कुणाची वीज कुठल्या वाहिनीतून किती गेली, याचा हिशेब लावण्याला) 'वीजप्रवाहाचा माग' आणि 'ट्रान्समिशन लॉसेस'ना (वीज दूरवर वाहून नेताना तारांत वाया जाणाऱ्या शक्तीला) 'पारेषण गळती' म्हटलं तर चालेल का?

आधी 'वीजप्रवाह' निकालात काढू. हा शब्द वाचला की अँपिअरमध्ये मोजतात ती विद्युतधारा डोळ्यांपुढे येते. इथे हिशेब आहे मेगावॉटचा, म्हणजे शक्तीचा. म्हणून 'शक्तिप्रवाह'. जरा जड आहे, पण घोळ होत नाही.

'माग' मला पसंत आहे, एका अटीवर. माग म्हटलं की जमिनीवर उमटलेल्या खुणा आल्या. विजेवर तर कुणाचंच नाव नसतं. निर्मिती, पारेषण, वितरण सगळं एकाच कंपनीकडे होतं तोवर कुणाची वीज कुठल्या वाहिनीतून गेली, हे विचारण्याचं कारणच नव्हतं. बाजार खुला झाला, त्याच वाहिन्यांवर अनेक विक्रेते आले आणि वाहिनीचा खर्च कुणी किती सोसायचा हा प्रश्न उभा राहिला. विद्युत अभियंते यानुश बियालेक यांनी १९९६ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी बरीच वापरली जाते. समजा, एका उपकेंद्रात 'अ'कडून ४० आणि 'ब'कडून ६० मेगावॉट आले आणि दोन वाहिन्यांतून ७० व ३० बाहेर पडले. ही पद्धत म्हणते, आत सगळं नीट मिसळलं असं धरा. मग ७० मध्ये 'अ'चे २८ आणि 'ब'चे ४२, तर ३० मध्ये १२ आणि १८. हे मिसळणं प्रयोगाने सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ते गृहीतक आहे. तेव्हा हा माग सापडलेला नव्हे, ठरवून घेतलेला. एवढं लक्षात ठेवून खुशाल 'माग' म्हणा.

'गळती'ला मात्र माझा विरोध आहे. गळक्या नळातून प्रत्येकाचं पाणी ज्याच्या त्याच्या प्रमाणात गळतं. तारेचं तसं नाही. तारेत उष्णतेच्या रूपात जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकाची धारा ३ असेल तर हानी ९, दुसऱ्याची ४ असेल तर १६. दोघं एकाच दिशेने एकत्र आले की धारा ७ आणि हानी ४९. वेगवेगळ्या हानींची बेरीज २५ होते, मग वरचे २४ कुणाच्या माथी मारायचे? भौतिकशास्त्र यावर गप्प बसतं. उलट दोघं विरुद्ध दिशांनी आले तर धारा उरते १ आणि हानीही १, म्हणजे दुसऱ्याच्या येण्याने पहिल्याची हानी घटली! नवा माणूस आल्यावर कमी होणारी गळती कुणी पाहिली आहे? बियालेक यांची पद्धत दोन वाटा देते: हानी ग्राहकांच्या मागणीत मिळवा, नाहीतर उत्पादकांच्या निर्मितीतून वजा करा. कुठली घ्यायची, ते नियमांनी ठरवायचं.

म्हणून 'पारेषण हानी', आणि ती वाटून देण्याला 'हानीची विभागणी'. 'ऱ्हास' नको, त्यात हळूहळू झिजत जाण्याची छटा आहे. बातम्यांतल्या 'वीजगळती'त चोरी आणि मीटरमधले घोळही धरलेले असतात. तो शब्द वितरणाकडेच राहू द्या.