सासूबाई म्हणतात, बाळंत झाल्यावर घे

(गरोदरपणातल्या कोरोना लशीबद्दलचं हे पत्र आणि उत्तर ऑगस्ट 2021 मधलं. डोसांमधलं अंतर, नोंदणी आणि सीमेवरचे नियम तेव्हाचे.)

"मावशी, मी 23 वर्षांची आहे. सासर बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. पहिलंच बाळंतपण. येत्या सोमवारी, 16 ऑगस्ट 2021 ला, 20 आठवडे पूर्ण होतील. आशाताई दोनदा येऊन सांगून गेल्या की गरोदर बायकांना आता कोरोनाची लस मिळते, पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात ये. सासूबाई म्हणतात, पोटातल्याला काही झालं तर कोण जबाबदार, बाळंत झाल्यावर घे. आमच्या गल्लीत एकीला लस घेतल्यावर रात्रभर ताप होता, तेव्हापासून घरात सगळेच घाबरलेत. नवरा उद्यमबागेत कामाला आहे, रोज बेळगावला जाऊन येतो. तो म्हणतो, तुझं तू ठरव. माझं रक्त 9.8 आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की मी माहेरी जाणार. मग लस घेऊ का? घ्यायची तर कुठली? दुसरा डोस कुठे? आणि घरात न सांगता घेतली तर चालेल का?"

पोरी, लस घे, आणि याच महिन्यात घे. बाळंतपणानंतरचा सल्ला सासूबाई मायेपोटीच देतायत, पण त्यात एक चूक आहे. थांबलं की धोका टळतो असं त्यांना वाटतं. खरं तर कोरोनाचा धोका गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि लस लांबवली तर नेमके तेच महिने उघडे पडतात.

असं का होतं ते समजून घे. गर्भाशय वाढतं तसं ते छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं. फुप्फुसाला पसरायला जागा कमी उरते, उलट शरीराला प्राणवायू जास्त लागतो. शिवाय बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गच या काळात रक्त थोडं लवकर गोठणारं करतो, आणि कोरोनाही रक्तात गुठळ्या करतो. तुझं हिमोग्लोबिन 9.8, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारं रक्तच कमी. हे सगळं आठव्या महिन्यात एकत्र आलं तर शरीराकडे शिल्लक फार राहत नाही.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जून 2021 मध्ये दोन्ही लाटांतल्या बाधित गरोदर आणि बाळंत बायकांची तुलना मांडली. पहिल्या लाटेत लक्षणं असलेल्या 14.2 टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत 28.7 टक्के. मृत्यूचं प्रमाण 0.7 टक्क्यावरून 5.7 टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या लाटेतल्या या बायका 387 होत्या आणि दवाखान्यापर्यंत पोचलेल्या होत्या, म्हणून तोच आकडा गावातल्या प्रत्येकीला लावू नकोस. केंद्र सरकारच्या सूचनापत्रातच म्हटलंय की 90 टक्क्यांहून जास्त बाधित गरोदर बायका दवाखान्यात भरती न होता बऱ्या होतात. पण उरलेल्यांची तब्येत झपाट्याने बिघडू शकते, बाळ दिवस भरायच्या आधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते, आणि क्वचित पोटातच दगावतं. ती उरलेली कोण असेल हे आधी कळत नाही.

आता लशीबद्दल. सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर बायकांना घेतलं नव्हतं, हे खरं आहे. केंद्राने त्यांच्यासाठी लस खुली केली ती 2 जुलै 2021 ला. कुणी "शंभर टक्के माहीत आहे" म्हणत असेल तर ते बरोबर नाही. पण या लशी कशा बनतात हे माहीत आहे. कोव्हॅक्सिनमध्ये मेलेला विषाणू असतो. कोविशिल्डमध्ये दुसऱ्याच एका विषाणूचा सांगाडा वापरलाय, त्याला शरीरात वाढता येत नाही. दोन्हींतून कोरोना होत नाही, तुला नाही आणि बाळालाही नाही. कुत्रं चावलं तर गरोदर बाईला रेबीजची लस देतातच, तीही मेलेल्या विषाणूचीच असते.

सासूबाईंना एकच विचार: तुमच्या वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं का? बहुतेक हो म्हणतील. ते आईला देतात, तिच्या रक्तात संरक्षण तयार होतं आणि वारेतून बाळाकडे जातं. भारतातून आई आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं, ते गरोदरपणात घेतलेल्या याच इंजेक्शनांमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे. गरोदर बाईला लस देणं ही काही कालची गोष्ट नव्हे.

कुठली लस, याचं उत्तर माझ्या मते तुझ्या कॅलेंडरवर आहे. 16 ऑगस्टला कोव्हॅक्सिन घेतलीस तर दुसरा डोस 28 दिवसांनी, म्हणजे 13 सप्टेंबरला येतो. तो नेमका गौरीपूजनाचा दिवस. त्याचा ताण घेऊ नको. 28 दिवस हे कमीत कमी अंतर आहे, सहा आठवड्यांपर्यंत चालतं, तेव्हा गौरी-गणपती उरकून जा. माहेरी निघायच्या आधी दोन्ही डोस पुरे होतील. कोविशिल्ड घेतलीस तर अंतर 12 ते 16 आठवडे. बारा आठवडे भरतात 8 नोव्हेंबरला, भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी. तेव्हा तुला 32 आठवडे होतील आणि तू माहेरी असशील. तेही चालेल, फक्त पुढे ढकलायला जागा उरत नाही. पहिला डोसच ऑक्टोबरवर गेला तर दुसरा बाळंतपणाच्या तोंडावर किंवा पलीकडे जातो. आणि एका डोसाने काम अर्धवटच होतं: इंग्लंडमधल्या पाहणीत कोविशिल्डच्याच सूत्राच्या लशीचा एक डोस कोरोनाच्या डेल्टा प्रकाराविरुद्ध सुमारे 30 टक्के उपयोगी पडला, दोन डोस 67 टक्के.

म्हणून दोन्ही मिळत असतील तर तू कोव्हॅक्सिन घे. आपल्याकडच्या पीएचसीत बहुतेक वेळा कोविशिल्डच असते. तीच असेल तर तीच घे, दुसरीची वाट बघत आठवडे घालवू नको. पूर्वी कधी पायाच्या शिरेत किंवा इतर कुठे गुठळी झाली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना सांग. ताप असेल किंवा कोरोनाची शंका असेल तर त्या दिवशी जाऊच नको. याच गरोदरपणात कोरोना होऊन गेला असेल तर लस बाळंतपणानंतर, असं सरकारी सूचनापत्र सांगतं. रक्त कमी असणं ही लस टाळायची सबब नाही. लोहाच्या गोळ्या चालू ठेव, लिंबूपाण्याबरोबर घे, चहा-दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून लांब ठेव. धनुर्वाताचा डोस जवळपास येणार असेल तर दोन्हींत दोन आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतात, म्हणजे ताप आलाच तर कशाचा ते कळतं. त्यासाठी तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासणीचं कार्ड, बरोबर ने आणि लशीचं नाव, तारीख त्यावरच लिहून घे. माहेरच्या दवाखान्यात सगळ्यात आधी तेच कार्ड बघतील.

त्या दिवशी पोटभर जेवून जा. घट्ट बाहीचा ब्लाऊज घालू नको. बाही वर सरकत नाही, मग सुई खांद्याच्या फुगीर स्नायूऐवजी खाली किंवा तिरकी बसते, दंड जास्त दुखतो आणि औषध नेमकं जिथे जायला हवं तिथे जात नाही. सैल बाहीचा कुर्ता किंवा गाऊन चालेल. औषध अर्धा मिलीच असतं. नंतर अर्धा तास तिथेच बस. घाईत निघायचं नाही, कारण जोराची अॅलर्जी यायची तर ती बहुतेक याच वेळात येते आणि तिचं औषध तिथे असतं. चक्कर आली तर डाव्या कुशीवर पड.

गल्लीतल्या बाईला ताप आला तो बहुधा शरीराने लस ओळखल्याचा. कोविशिल्डमध्ये तो जास्त दिसतो. इंजेक्शन सकाळी घेतलं तर साधारण रात्री थंडी वाजते, अंग मोडून येतं, आणि दोन दिवसांत उतरतं. ताप मात्र अंगावर काढू नको, गरोदरपणात अंग तापलेलं राहणं चांगलं नाही. पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी, लागली तर सहा तासांनी दुसरी, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. लस घ्यायच्या आधीच गोळी घेऊन ठेवायची नाही. मेडिकलवाल्याने दिली तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड घेऊ नको, गरोदरपणात ती औषधं नकोत. काढे बंद. पाणी, ताक, पेज भरपूर.

एका चुकीपासून खास जप. ताप दोन दिवसांपलीकडे गेला की तो "लशीचाच" म्हणून घरी बसायचं नाही. हे पावसाळ्याचे दिवस आहेत, डेंगी असेल, टायफॉइड असेल, लघवीचा संसर्ग असेल, खुद्द कोरोनाही असेल, कारण लस घ्यायला गेलेल्या गर्दीतही तो लागू शकतो. खोकला, धाप, वास जाणं ही लशीची लक्षणं नव्हेत. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कुणाकडे असेल तर बघ. गरोदर बाईचा प्राणवायू 95 च्या खाली गेला की घरी थांबायचं नाही.

दुसरी गोष्ट फार दुर्मीळ, सरकारी सूचनापत्राप्रमाणे एक ते पाच लाखांत एखादीला होणारी, पण माहीत असावी. लस घेतल्यानंतर 20 दिवसांच्या आत न थांबणारी जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणं, छातीत दुखणं, धाप, सारख्या उलट्या, झटके, एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा सुई टोचली त्याच्या पलीकडे अंगावर लाल-जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. खानापूरला सोय नसेल तर बेळगावला, आणि लस कधी घेतली हे दारातच सांग. डोकेदुखी आणि अंधुक दिसणं रक्तदाब वाढल्याचंही लक्षण असतं, म्हणून रक्तदाब तपासायला लाव. रक्तस्राव झाला किंवा पाणी गेलं तर लशीला दोष देत बसायचं नाही, लगेच निघायचं.

दुसरा डोस चंदगडला घ्यायचा झाला तर अडचण राज्याची नाही, लशीच्या नोंदणीची सरकारी यंत्रणा, कोविन, देशभर एकच आहे. अडचण येते ती मोबाईल नंबर आणि ओळखपत्राची. पहिल्या डोसाला नवऱ्याचा नंबर आणि सासरच्या नावाचं आधार, दुसऱ्याला भावाचा नंबर आणि माहेरच्या नावाचं मतदान कार्ड दिलंस तर यंत्रणा तुला नवीनच बाई समजते, आणि हातात पहिल्या डोसाची दोन प्रमाणपत्रं येतात. म्हणून आजच ठरव. आधारवर अजून माहेरचंच नाव असेल तर तेच दोन्ही वेळा दे, लग्नाचं नाव तिथे घुसवायला जाऊ नको. एका नंबरावर चारच जणांची नोंद होते, तेव्हा नवऱ्याच्या नंबरावर जागा आहे का ते बघ, आणि माहेरी असताना ओटीपी सांगायला त्याला फोन उचलायला सांग. पहिलं प्रमाणपत्र मोबाईलमध्ये ठेवच, कागदावरही छापून घे. ते इंग्रजी-कन्नडात येईल, चंदगडला चालतं. परत येताना शिनोळी ओलांडून कर्नाटकच्या हद्दीत बाचीच्या नाक्यावर सध्या, ऑगस्ट 2021 मध्ये, 72 तासांतला आरटीपीसीआर, म्हणजे कोरोना नसल्याचा तपासणी अहवाल, मागतात, लस घेतलेली असली तरी. नियम सारखे बदलतात, बाळाला घेऊन निघायच्या आदल्या आठवड्यात चौकशी कर.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो लिहिताना तुला सगळ्यात जड गेला असणार. संमती फक्त तुझी लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. लपवून घेतलीस तर कायद्याने काही चुकत नाही. तरी लपवू नको, आणि त्याचं कारण मान-अपमानाचं नाही. रात्री दोनला थंडी वाजून ताप भरला, तर उठून गोळी देणारं, गाडी काढणारं माणूस घरातलंच असणार. त्याला काय झालंय हे माहीत नसेल तर तू एकटी पडशील, आणि उद्या काहीही बिनसलं तरी बोट त्या लपवलेल्या सुईकडेच जाईल.

सासूबाईंशी वाद घालू नको, त्यांना पुढच्या तपासणीला बरोबर ने. "पोटातल्याला काही झालं तर" हा प्रश्न त्यांनी स्वतः नर्सबाईंना विचारू दे. नर्सबाई कन्नडातच बोलत असतील तर आशाताईंना सोबत बसव, अर्धवट कळलेल्या बोलण्यातूनच अफवा जन्मतात. तुझ्या आईलाही आधी फोन कर, दोन्ही घरांचं मत एक असलं की ओझं हलकं होतं. आणि नवऱ्याला स्पष्ट सांग, "तुझं तू ठरव" एवढ्यावर भागत नाही. त्याने आईशी बोलायला हवं, लशीच्या दिवशी रजा काढायला हवी, आणि स्वतःचे दोन डोस पुरे करायला हवेत, कारण घरातून रोज बेळगावला जाऊन येणारा तोच आहे. सासूबाईंनी अजून घेतली नसेल तर तुझ्याबरोबर त्याच दिवशी त्यांचाही नंबर लाव. बाळंतपणानंतर बाळाला आंघोळ घालणारे, शेक-शेगडी करणारे हात त्यांचे आणि तुझ्या आईचेच असतील.

बाळंत झाल्यावर दुसरा डोस राहिलाच तर तोही घेता येतो. अंगावर पाजणाऱ्या बायकांना 19 मे 2021 पासूनच परवानगी आहे, आणि त्या दिवशी एक वेळही दूध तोडायचं नाही.