नागपुरात पार्सल घरपोच मागवणं भरवशाचं आहे का?

बऱ्यापैकी आहे. सीताबर्डी, धरमपेठेत सहसा अडचण येत नाही. खरी गंमत बेसा, मनीषनगरकडच्या नव्या लेआउटमध्ये. तिथे प्लॉट नंबर ४२ च्या शेजारी ४३ सापडेलच असं नाही, म्हणून पत्त्यात लेआउटचं नाव आणि एखादी ठळक खूण हवीच. नाहीतर "भाऊ, पानठेल्यापासून डावीकडे का उजवीकडे?" असा फोन येणार. तो उचलला नाही की ट्रॅकिंगवर शेरा: 'ग्राहक उपलब्ध नाही'. भलेही तुम्ही दिवसभर घरीच असा!

महत्त्वाची कागदपत्रं असतील तर मी स्पीड पोस्टच सुचवीन. १९८६ पासूनची सेवा आहे, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही तिच्यातच विलीन झालंय. पावतीवरचा शेवटी 'आयएन' असलेला १३ अक्षर-अंकी क्रमांक जपून ठेवा, माग त्यावरच लागतो.

ओटीपी मात्र पार्सल हातात पडल्याशिवाय सांगू नका. महागडी वस्तू असेल तर डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, तक्रार करताना तोच कामी येतो. आणि मे महिन्यात चॉकलेट तर मागवूच नका. आपल्या उन्हात त्याचं सरबत होऊन येतं.