बास मासेमारी : आधी गळ पाहावा, मग काठी आणि रील निवडावे

लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशांसाठी काठी व रील (दोरी गुंडाळण्याचे यंत्र) कसे निवडावे, याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. अनेकांनी ‘मासा किती मोठा लागेल’ या हिशेबाने काठी सुचवण्यास सांगितले आहे. माझ्या मते तो हिशेब दुय्यम आहे. आमिषाला कोणता गळ आहे, तो माशाच्या जबड्यात कसा रुतणार आहे आणि रुतल्यावर कसा टिकणार आहे, हे आधी पाहिले की काठीची ताकद, तिचा वाक, दोरी आणि शेवटी रील हे सारे त्या मागोमाग ठरत जाते.

प्रश्न : मी नुकतीच सुरुवात करतो आहे आणि सध्या एकच काठी व एकच रील घेऊ शकतो. कोणता संच घ्यावा?

काठीवर छापलेल्या दोन गोष्टी प्रथम वाचाव्यात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते ते. फास्ट ॲक्शनची काठी टोकाकडच्या भागात वाकते, मॉडरेट ॲक्शनची जवळजवळ मध्यापर्यंत वाकते. या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. भक्कम काठीही मध्यातून वाकणारी असू शकते.

आपल्या पाण्यात गवत, बुंधे, बुडालेल्या फांद्या असतील, तर 7 फुटांची मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनची बेटकास्टिंग काठी (जिच्यावर रील वरच्या बाजूला बसते आणि दोरीची चकती, म्हणजे स्पूल, फेकताना फिरते) आणि सुमारे 7:1 गिअर रेशोचे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात फेरे करणारे, रील घ्यावे. दोरी 15 पौंडी, म्हणजे तेवढ्या भारापर्यंत न तुटणारी, फ्लुरोकार्बनची (पाण्यात बुडणारी एकपदरी कृत्रिम दोरी) असावी. साधारण 7 ते 21 ग्रॅमपर्यंतची आमिषे, म्हणजे टेक्सस रिग (गळाचे टोक मऊ प्लास्टिकच्या आमिषात लपवलेली जुळणी), जिग (डोक्याशी वजन असलेला गळ), स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचे आमिष), यावर नीट चालतात. या तिन्हींत एकच जाड गळ असतो, आणि तो रुतवण्यासाठी काठीच्या बुडाशी जोर लागतो. म्हणूनच एका काठीत ही तिन्ही कामे सामावतात. पाणी मोकळे आणि स्वच्छ असेल, किंवा बेटकास्टिंग रील कधी हाताळलेले नसेल, तर 7 फुटांच्या आसपासची मीडियम पॉवरची, फास्ट ॲक्शनची स्पिनिंग काठी (जिच्याखाली रील लटकते आणि स्पूल फेकताना स्थिर राहते) आणि 2500 किंवा 3000 आकाराचे रील अधिक उपयोगी पडेल.

पैसे मर्यादित असतील तेव्हा ते कुठे घालावेत, हेही सांगतो. जिग आणि मऊ प्लास्टिकच्या किड्यांवर माशाचा स्पर्श हातापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे असते, त्यामुळे तेथे हलकी, संवेदनशील काठी घ्यावी आणि रील साधे चालेल. सतत ओढत राहण्याच्या आमिषांना मात्र काठी साधी असली तरी बिघडत नाही; तेथे रील गुळगुळीत आणि मजबूत हवे.

प्रश्न : क्रँकबेटवर मासे लागतात, पण काठापर्यंत येता येता निम्मे सुटतात. माझी काठी चांगल्या प्रतीची, कडक आणि फास्ट ॲक्शनची आहे. मग चूक कुठे होते आहे?

काठी चांगली आहे, पण या कामासाठी ती चुकीची आहे. क्रँकबेट म्हणजे ओढताच पाण्यात बुडी मारणारे कडक आमिष; बहुतेकांना पुढे पाटीसारखा ‘ओठ’ असतो. त्याला तीन काट्यांचे छोटे गळ असतात. त्यांची टोके बारीक असल्यामुळे ती थोड्याशा ताणानेही रुततात, पण खोलवर जात नाहीत. बास पाण्याबाहेर उसळला किंवा डोके झटकू लागला की कडक काठी प्रत्येक झटक्याला तितकाच विरोध करते. त्यामुळे कातडीतील छिद्र मोठे होत जाते आणि गळ निखळतो. काही वेळा तर मासा आमिष तोंडात घेतो न घेतो तोच ताठ काठी ते त्याच्या तोंडातून काढून घेते. मॉडरेट ॲक्शनची काठी वाकून थोडी उसंत देते, आमिष माशाच्या तोंडात जाऊ देते आणि पुढे प्रत्येक झटका स्वतःच्या वाकात जिरवते.

यासाठी 7 फूट ते 7 फूट 6 इंच लांबीची, मीडियम किंवा मीडियम-हेवी पॉवरची, मॉडरेट ॲक्शनची काठी घ्यावी. काचतंतूची काठी या कामाला जुनी आणि विश्वासू आहे. ती कार्बनच्या काठीपेक्षा जड असते, पण वाकून सावकाश सरळ होते, आणि क्रँकबेटला नेमके तेच हवे असते. दिवसभर वजन सोसवत नसेल तर काचतंतू आणि कार्बन यांच्या मिश्रणाची काठी हा चांगला मधला मार्ग आहे. मासा लागल्यावर वर हिसका न देता रील फिरवत राहावे आणि काठी आडवी, सलग ओढीने बाजूला न्यावी.

खोल जाणाऱ्या क्रँकबेटच्या बाबतीत लांबीला आणखी एक कारण आहे. हे आमिष ओढायला लागल्यावर हळूहळू खाली उतरते आणि आपल्याजवळ येताना पुन्हा वर चढते, म्हणजे पूर्ण खोलीवर ते वाटेच्या मधल्या भागातच चालते. फेक जितकी लांब तितका हा मधला भाग मोठा, आणि लांब काठीने फेक लांब जाते. दोरीची जाडीही येथे मोजली जाते. जाड दोरीला पाण्याचा अडथळा अधिक होतो आणि आमिष वरच राहते, म्हणून 10 ते 12 पौंडी फ्लुरोकार्बन योग्य ठरते. उथळ पाण्यात बुंध्यांना आपटत चालणाऱ्या चौकोनी ओठाच्या क्रँकबेटला मात्र 15 पौंडी दोरी आणि थोडी आखूड काठी बरी, कारण तेथे खोलीपेक्षा नेम आणि दोरीचे घासणे यांचा प्रश्न असतो.

याला एक अपवाद आहे. ओठ नसलेले क्रँकबेट गवतावरून ओढताना ते अडकते आणि झटक्याने सोडवावे लागते, आणि बास पुष्कळदा त्या सुटण्याच्या क्षणीच झडप घालतो. अगदी मऊ काठी हा झटका देऊ शकत नाही, म्हणून तेथे मॉडरेट-फास्ट ॲक्शन घ्यावी.

प्रश्न : दाट पाणवनस्पतींत बेडकाचे आमिष, फ्लिपिंग आणि पंचिंग या तिन्हींसाठी एकच भारी काठी पुरेल का?

पहिल्या दोन्हींसाठी पुरेल, तिसऱ्यासाठी नाही.

फ्लिपिंग ही पद्धत कॅलिफोर्नियातील डी थॉमस यांनी 1970 च्या दशकात पुढे आणली. त्याआधी तेथील लव्हाळ्यांत फार लांब काठीने जिग वरून खाली सोडण्याची रीत होती. थॉमस यांनी ती आखूड, साडेसात फुटांच्या आसपासच्या काठीवर आणली. आजही फ्लिपिंगची काठी त्याच लांबीची असते, आणि त्याचे कारण जवळच्या कामात आहे: आमिष थोड्या अंतरावर, आवाज न करता, नेमक्या फटीत सोडायचे असते आणि मासा लागताच त्याला वर उचलून गवताबाहेर आणायचे असते. येथे हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन, आणि 50 ते 65 पौंडी ब्रेड (अनेक धागे विणून केलेली दोरी) किंवा 20 ते 25 पौंडी फ्लुरोकार्बन हवी.

बेडकाच्या पोकळ आमिषात पाठीला चिकटून असलेला जाड तारेचा दुहेरी गळ असतो, आणि माशाने तोंड मिटून ते पोकळ अंग दाबल्याशिवाय टोके उघडी पडत नाहीत. त्यामुळे पाणी उसळलेले दिसताच हिसका देऊ नये. दोरीवर माशाचा भार जाणवला की मगच पूर्ण जोराने द्यावा. तेव्हा मासा दूर असतो आणि मध्ये गवताचा पट्टा असतो, म्हणून येथे ब्रेडला पर्याय नाही. बेडूक डावीकडे-उजवीकडे चालवता यावा यासाठी टोक थोडे मोकळे आणि काठी फार लांब नसलेली बरी. दोन्ही कामे एकीवर भागवायची असतील तर 7 फूट 4 इंचांची हेवी, फास्ट काठी घ्यावी.

पंचिंगमध्ये 28 ते 56 ग्रॅमचे टंगस्टनचे वजन वनस्पतींच्या तरंगत्या थराला भेदून खाली जाते. त्या वजनासह मासा आणि त्याच्या अंगाभोवतीचे गवत एकत्र वर ओढायचे असते. यासाठी पावणेआठ ते 8 फुटांची एक्स्ट्रा-हेवी काठी आणि किमान 65 पौंडी ब्रेड लागते. अशी काठी बेडकाला फारच ताठ पडते.

प्रश्न : ड्रॉप शॉटसाठी माझे बेटकास्टिंग रील चालेल का? स्पिनिंग रीलवर दोरीला फार पीळ पडतो.

ड्रॉप शॉट म्हणजे दोरीच्या टोकाला वजन आणि त्याच्या थोडे वर गळ अशी जुळणी. तिला स्पिनिंगच घ्यावे. 7 ग्रॅमचे वजन बेटकास्टिंगच्या जड स्पूलला फिरवत खाली जाते, त्यामुळे ते रेंगाळते आणि सरळ न उतरता झोक्याने आपल्याकडे येते; स्पिनिंग रीलवर स्पूल स्थिर असल्याने दोरी मोकळी सुटते. काठी 6 फूट 10 इंच ते 7 फूट 2 इंच लांबीची, मीडियम-लाइट किंवा मीडियम पॉवरची आणि एक्स्ट्रा-फास्ट टोकाची असावी. मुख्य दोरी 10 ते 15 पौंडी ब्रेड आणि पुढे 6 ते 8 पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा जोडतुकडा) ठेवावा. गळ बारीक तारेचा असल्याने हिसका देण्याची गरज नसते. दोरी ताणेपर्यंत रील फिरवून काठी उचलली की तो रुततो. ड्रॅग (मासा जोरात ओढू लागल्यावर दोरी सुटू देणारा रीलमधील ब्रेक) लीडरच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास लावावा.

पिळाविषयी: फेकीनंतर बेल, म्हणजे रीलवरील दोरी अडवणारी तारेची कमान, हाताने बंद करावी, हँडल फिरवून नव्हे. मासा दोरी ओढून नेत असताना, म्हणजे ड्रॅग सुटत असताना, रील फिरवणे हे पिळाचे सर्वांत मोठे कारण आहे. ते कटाक्षाने टाळावे. लीडर आणि मुख्य दोरीच्या सांध्यावर छोटे स्विव्हल (फिरता जोड) लावले तर आमिषाच्या फिरण्याने पडणारा पीळ बराच कमी होतो. ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरते, म्हणून तिच्याखाली काही वेढे नायलॉनच्या तंगुसाचे घालावेत.

प्रश्न : 8:1 चे वेगवान रील घेतले आणि हवे तेव्हा हळू फिरवले, तर सर्व पद्धतींना तेच पुरणार नाही का?

पुरणार नाही. 8:1 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे आठ फेरे. अशा रीलवर एका फेऱ्यात सुमारे 30 इंचांहून अधिक दोरी येते, तर 5:1 च्या रीलवर 20 इंचांच्या आसपास. वेग वाढला की ओढण्याचा जोर घटतो. खोल क्रँकबेट पाण्याला रेटत चालते, त्यामुळे वेगवान रीलवर मनगट लवकर थकते आणि आमिषही नकळत फार जोरात ओढले जाते. स्पिनरबेटही अशा रीलवर वर वर येत राहते. त्याला 6:1 च्या आसपासचे रील चांगले.

जिग आणि टेक्सस रिगमध्ये मात्र आमिष काठीने हलवायचे असते. रील केवळ ढिली दोरी गोळा करते. मासा आमिष घेऊन आपल्याच दिशेने आला तर ती ढिली दोरी झटपट आवरावी लागते, आणि त्या कामाला 7 किंवा 8:1 हवेच.

प्रश्न : बेटकास्टिंग रीलवर दर काही फेकींनी गुंता होतो. उपाय सांगावा.

स्पूलच्या ताणाची कळ अशी लावावी की आमिष स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. मग ब्रेक जास्त ठेवून सुरुवात करावी आणि हात बसला की एकेक पायरी कमी करावी. आमिष बदलले की ही जुळणी पुन्हा करावी. आमिष पाण्याला टेकण्याआधी अंगठ्याने स्पूल रोखावे. या अंगठ्याला ब्रेक पर्याय होऊ शकत नाही.

प्रश्न : पृष्ठभागावरील आमिषांना फ्लुरोकार्बन का वापरू नये?

कारण ती बुडते आणि आमिषाचे नाक खाली खेचते. नायलॉनचा तंगूस फार सावकाश बुडतो, शिवाय ताणला जातो, आणि तीन काट्यांच्या गळांना तो ताण उपकारक ठरतो. लांब फेक हवी असेल तर ब्रेड घेऊन पुढे हातभर तंगुसाचा लीडर बांधावा. ब्रेड थेट बांधली तर ती मऊ असल्यामुळे पुढच्या गळात गुंतते. काठी साडेसहा ते 7 फुटांची, मीडियम पॉवरची, मॉडरेट-फास्ट ॲक्शनची असावी. आमिष नागमोडी चालवताना टोक पाण्याकडे झुकवून लहान लहान झटके द्यावे लागतात, आणि बुटक्या माणसाला लांब काठीने ते करताना टोक पाण्यात बुडते. त्याने साडेसहा फुटांचीच घ्यावी.