महासंघात शेवटचा शब्द कुणाचा?

युरोपीय महासंघ आणि राष्ट्रांचे सार्वभौमत्व या विषयावर येणाऱ्या पत्रांत तेच ते घोळ पुन्हा पुन्हा दिसतात. निम्मी पत्रे तर व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुरावरच बेतलेली असतात. म्हणून या वेळी पाच प्रश्न एकत्र घेते.

ब्रिटन महासंघातून बाहेर पडला, तरी स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय तिथल्या सरकारला कसे अडवते? (प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी, पुणे)

ते न्यायालय महासंघाचे नाहीच. ते युरोप परिषदेचे, म्हणजे महासंघाहून वेगळ्या आणि जास्त देशांच्या संघटनेचे आहे आणि ब्रिटन त्या परिषदेत आजही आहे. महासंघाचे न्यायालय लक्झेंबर्गला बसते. प्रबंधाचा मसुदा पुढे नेण्याआधी मार्गदर्शकांना दाखवा.

बाहेर पडल्यामुळे ब्रिटनचे आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचले. सार्वभौमत्वाचा हाच पुरावा नव्हे का? (डोंबिवली)

नव्हे. हा आकडा २०१६ च्या सार्वमताच्या प्रचारात, बाहेर पडण्याच्या बाजूने, बसवर रंगवला होता. ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सूट आधीच वजा होत असे, त्यामुळे एवढी रक्कम कधी पाठवलीच जात नव्हती. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच तो दिशाभूल करणारा ठरवला होता. नॉर्वे महासंघाबाहेर आहे, तरी त्याच्या बाजारपेठेत राहण्यासाठी पैसे भरतो. सार्वभौमत्वाची बाजू स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. तिला असल्या आकड्याच्या कुबड्या दिलेल्या मला खपत नाहीत. असा मजकूर पुढे ढकलण्याआधी एखाद्या जाणकाराला विचारत चला.

देशांनी स्वखुशीने करारावर सह्या केल्या. मग सार्वभौमत्व गेल्याची ओरड कशासाठी? (निवृत्त शिक्षक, सातारा)

गुरुजी, सही कशावर झाली आणि पुढे काय झाले, तेवढे पाहू. १९५७ च्या रोम करारातून महासंघाचा पूर्वज, म्हणजे युरोपीय आर्थिक समुदाय, उभा राहिला. त्या करारात ‘समुदायाचा कायदा देशाच्या कायद्याहून वरचढ’ असे वाक्य नाही. ते तत्त्व लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९६४ मध्ये मांडले, तेही कोस्टा नावाच्या इटालियन वकिलाने वीजबिल भरायला नकार दिल्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात. ब्रिटन १९७३ मध्ये आत आला, तेव्हा हा निकाल जाणकारांना ठाऊक होता. पण १९७५ च्या सार्वमतात मतपत्रिकेवर समुदायाच्या नावापुढे कंसात ‘सामायिक बाजारपेठ’ असे छापले होते. ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. पुढे १९८८ च्या ब्रिटिश कायद्याने स्पॅनिश मालकीच्या मासेमारी बोटींच्या नोंदणीवर निर्बंध आणले, आणि त्या वादात हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, न्यायाधीशांना आपल्याच संसदेचा कायदा बाजूला ठेवावा लागला. बाजारपेठेला होकार देणाऱ्या मतदाराला याची कल्पना कुणी दिली होती?

मला सर्वात जास्त खुपते ते २००५. महासंघाच्या राज्यघटनेचा मसुदा फ्रान्समध्ये सुमारे ५५ टक्क्यांनी आणि नेदरलँड्समध्ये ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला गेला. दोनच वर्षांनी त्यातला बराचसा आशय लिस्बन करारात आला आणि या दोन्ही देशांत तो लोकांना न विचारता संसदेतून मंजूर झाला. आयर्लंडने सार्वमत घेतले. २००८ मध्ये लोक ‘नाही’ म्हणाले, २००९ मध्ये पुन्हा विचारले. डेन्मार्कचेही आधीच्या मास्ट्रिक्ट करारावरून १९९२ आणि १९९३ मध्ये असेच झाले. दोघांनाही मधल्या काळात सवलती किंवा हमी मिळाल्या, हे मी लपवणार नाही. तरीही ‘हो’ कायमचा आणि ‘नाही’ तात्पुरता, हे मला लोकशाहीत बसत नाही. साताऱ्याचा मतदार आपला आमदार पाच वर्षांनी पाडू शकतो. महासंघात कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळजवळ एकट्या युरोपीय आयोगाकडे, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळाकडे, आहे आणि त्या आयोगाला कुठलाही मतदार थेट घरी पाठवू शकत नाही. सार्वभौमत्वाचा मुद्दा झेंड्याचा नसून या हिशेबाचा आहे.

दुसरी बाजूही नोंदवते. लिस्बन करारातल्या ५० व्या कलमाने बाहेरचा दरवाजा उघडा ठेवला. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी त्यातूनच बाहेर पडला. म्हणजे अधिकार सोपवले होते, विकले नव्हते. पण तो दरवाजा गाठायला सार्वमतानंतर साडेतीन वर्षे लागली. हे प्रश्न करार मंजूर होण्याआधी विचारायचे असतात. व्याख्यानात हा विषय घेणार असाल, तर कलमाचा मूळ मजकूर घटनाकायद्याच्या प्राध्यापकांकडून समजून घ्या.

मासळीसाठी एखादा देश महासंघाबाहेर राहिला आहे का? (रत्नागिरी)

हो. नॉर्वेच्या लोकांनी १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सदस्यता नाकारली. त्यात मच्छीमार आणि शेतकऱ्यांचा विरोध मोठा होता. ग्रीनलंड डेन्मार्कसोबत आत गेला होता. १९८२ मध्ये त्याने बाहेर पडण्याचा कौल दिला आणि १९८५ मध्ये तो बाहेर पडला. आपले पाणी कुणाच्या बोटींना खुले करायचे हे आपणच ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नॉर्वेला याची किंमत मात्र मोजावी लागते. मासेमारी आणि शेतीची धोरणे त्याच्या हातात आहेत, पण बाजारपेठेचे बाकीचे नियम तो पाळतो आणि ते ठरताना त्याला मत नसते. ज्यांना नॉर्वेचा मार्ग सोपा वाटतो, त्यांनी हे आधी वाचावे.

आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढला, तर लंडनला नोकरी करता येईल ना? एजंट ‘हो’ म्हणतो. (मडगाव)

त्या पासपोर्टच्या जोरावर आता नाही. ब्रिटनने स्वतःच्या सीमेचा अधिकार परत घेतला त्याचा हा थेट परिणाम आहे, आणि मी ज्या तत्त्वाची बाजू घेते त्याची झळ गोव्यातल्या घरांनाही बसली आहे. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तिथे राहत असलेल्यांसाठी वेगळी योजना होती. तिची मुख्य मुदत ३० जून २०२१ रोजी संपली. नोकरीसाठी नव्याने जाणाऱ्याला व्हिसा लागतो. पोर्तुगालमध्ये किंवा महासंघाच्या इतर देशांत मात्र राहता येते. एजंट एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व संपते. वडील आधीपासून ब्रिटनमध्ये राहत असतील, तर तुमचे प्रकरण वेगळे ठरू शकते. ते ब्रिटनमधल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराकडून तपासून घ्या. लिस्बनमधल्या जन्मनोंदणीबद्दल पोर्तुगीज कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. तोवर आगाऊ पैसे देऊ नका आणि जन्माचे मूळ दाखले कुणाच्याही हाती सोपवू नका.