होडी तयार झाली, आता बांधायची कुठे?

प्रश्न : नमस्कार दादा, मी दापोलीचा. दीड वर्ष खपून घराच्या पडवीत 18 फुटी होडी बांधली, मरीन प्लायची, वरून फायबर मारलंय. तळ जवळजवळ सपाट आहे आणि 15 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवायचं इंजिन) लावणार आहे. मासेमारीचा धंदा वगैरे नाही, सुट्टीत फिरायला पाहिजे. आता घोळ असा की मित्र म्हणतो हर्णैला ठेव, काका म्हणतात अंजर्ल्याच्या खाडीत, आणि बायकोचं माहेर दाभोळला त्यामुळे तिकडून वेगळाच आग्रह. उतरवू कुठे आणि ठेवू कुठे?

उत्तर : आधी अभिनंदन. पडवीतून बाहेर काढायला भिंत पाडावी लागली नाही ना? असं झालेलं बघितलंय म्हणून विचारतो.

तुम्ही दोन प्रश्न एकात घातलेत. उतरवायची जागा आणि ठेवायची जागा एकच पाहिजे असं काही नाही. उतरवणं एका सकाळचं काम, ट्रेलर पाण्यापर्यंत जाईल आणि टायर वाळूत रुतणार नाहीत एवढं मिळालं की झालं. ठेवायचं म्हणजे रोजचं, रात्रीचं, तुम्ही तिथे नसतानाचं, त्यामुळे डोकं तिथे लावा.

हर्णै बघायला छान, संध्याकाळचा लिलाव, मासळीच्या टोपल्या, सगळं खरं. पण ते उघडं बंदर आहे, वारा फिरला की तिथल्या मोठ्या बोटीसुद्धा आसऱ्याला खाडीत पळतात. मग तुमची 18 फुटी तिथे कशाला? शिवाय ती माणसं पोटासाठी तिथे नांगर टाकून आहेत, त्यांच्या दोरांमध्ये आपली हौसेची होडी अडकवायची नाही. दाभोळला वाशिष्ठीची खाडी मोठी आणि खोल, पण ओढही तेवढीच जोरात, आणि धोपाव्याच्या फेरीबोटीच्या रॅम्पजवळ तर अजिबात काही बांधू नका. सासुरवाडीला वाईट वाटू दे, काकांचं ऐका, अंजर्लं.

फक्त ऐकून जाऊ नका, बघून या, आणि बघायचं ते भरतीला नाही. भरतीला कुठलीही खाडी देखणीच दिसते. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या ओहोटीला जा, सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाच्या आगेमागे पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हा कळेल की तुम्ही मनात धरलेल्या जागी पाणी आहे, मऊ चिखल आहे की कालवं बसलेला खडक आहे. चिखल असेल तर उत्तम, सपाट तळाची होडी ओहोटीला आरामात बसते आणि भरतीला उठते. खडक असेल तर फायबर दोन महिन्यांत सोलून निघेल. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो तो दर पावसाळ्यात जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही, तिथल्या एखाद्या तांडेलाबरोबर, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याबरोबर, एकदा आत-बाहेर करून घ्या. आणि शीड लावायचा विचार असेल तर अंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल लक्षात ठेवून डोलकाठी ठरवा.

जागा कोणाला विचारायची? पहिल्यांदा तिथे ज्यांच्या होड्या आहेत त्यांना, मग मच्छीमार सोसायटीत. कागद बंदर खात्याचा, म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदणी आणि पाहणीचं काय लागतं ते आत्ताच विचारा, आतून सगळं बंद करून रंग मारल्यावर नको. किनाऱ्यावर काँक्रीटचा रॅम्प ओतायचं मनात असेल तर विसरा, सीआरझेड आहे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध आहेत.

आता दिवस. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्रयोदशी, 13 ची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पूर्ण भरती साधारण पावणेदहाला. अंदाजाला हे पुरतं, पक्क्या वेळेला छापील तक्ता बघा. मी तुम्हाला द्वादशी-त्रयोदशीच सुचवेन. सात-साडेसातला पाणी निम्मं चढलेलं आणि चढतंय, दुपारचा वायव्येचा वारा अजून सुटलेला नाही, आणि होडी कुठे अडकलीच तर पाणी वाढून उचलेल, त्या दिवशी नाही तर पुढच्या दोन-तीन दिवसांत, कारण उधाण पुढे आहे. उलट लोक हौसेने बरोबर उधाणाच्या टोकाच्या भरतीला उतरवतात, आणि तिथे फसली की तेवढं पाणी परत यायला पंधरा दिवस.

नारळ फोडायच्या आधी तळाचं बूच लावलंय का बघा. हसू नका.

जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत मात्र होडी पाण्यात नकोच. ओंडक्यांवरून वर ओढायची, शाकारून ठेवायची, इंजिन घरी. त्यामुळे वर ओढायला वाडीतली चार माणसं लागणार, तेव्हा ओळखी आत्तापासून ठेवा.

प्रश्न : रेवदंड्याला छोटी होडी पाण्यात बांधून ठेवायला 100 किलोचा काँक्रीटचा ठोकळा टाकलाय. पुरेल का?

उत्तर : जमिनीवर 100, पाण्यात साधारण 57. काँक्रीट पाण्यात गेलं की चाळीसेक टक्के वजन गेलंच समजा, त्यामुळे अडीच-तीनपट तरी करा. तळाला चिखल असेल तर तो रुतून धरतो, वाळूवर घसरतो. ठोकळ्यापासून वर थोडी जाड साखळी, मग दोर, मध्ये फिरकी, कारण कुंडलिकेच्या खाडीत भरती-ओहोटीला होडी पूर्ण उलटी फिरते आणि दोराला पीळ बसतो. दोराची लांबी भरतीच्या खोलीवर मोजा, ओहोटीच्या नाही. बांधायची नेहमी पुढून, मागून बांधली की लाट आत येते. शॅकलच्या, म्हणजे साखळी-दोर जोडायच्या कडीच्या, पिनेला तार गुंडाळा, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळीला स्टेनलेस स्टीलचं शॅकल लावू नका, खाऱ्या पाण्यात आधी जस्त खाल्लं जातं आणि मग साखळी जाते.