प्रोपगंडा म्हणजे खोटं असं कुठे लिहिलंय?

विचारलंय असं की अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅकेने १९१८ साली लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजावर जी मूक कार्टून फिल्म काढली तिला प्रोपगंडा कसं म्हणायचं, जहाज तर जर्मन पाणबुडीने ७ मे १९१५ ला खरोखरच बुडवलं होतं ना? अहो पण प्रोपगंडा म्हणजे खोटं हे आलं कुठून! हल्ली टीव्हीवर कुणाचं बोलणं पटलं नाही की लगेच "हा प्रोपगंडा आहे", म्हणायचं असतं "थापा मारतोय". मग सरळ थापा म्हणा की.

फिल्ममध्ये शेवटी बुडणारी आई बाळाला पाण्याच्या वर धरायला बघते, आणि पाटी येते की टॉर्पेडो सोडणाऱ्याचा कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, सन्मान केला, तरी म्हणे आम्ही जर्मनांचा द्वेष करू नये. जहाज खरं, आणि हा प्रोपगंडाही खरा. झालं उत्तर.

खरी मजा शब्दात आहे. लॅटिन 'प्रोपागो' म्हणजे वेलीची फांदी, वाकवून मातीत दाबायची, मुळं फुटली की तोडून वेगळी लावायची, आपले बागवाले ज्याला दाब कलम म्हणतात तेच. त्यावरून पसरवणे, आणि पसरवायची गोष्ट ती 'प्रोपागांडा', आपल्या 'पठनीय', 'करणीय'सारखी घडण. १६२२ मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने धर्मप्रसाराचं मंडळ काढलं त्याच्या नावातच हा शब्द होता. आणि याच प्रोपगंडाच्या रोममधल्या छापखान्यात १७७८ ला मराठीचं व्याकरण छापलं गेलं, पोर्तुगीजमधून! मुंबईत तर चर्च पोर्तुगालच्या पाद्रोआदोकडे (म्हणजे तिथल्या राजाच्या चर्चवरच्या हक्काकडे) की रोमच्या प्रोपगंडाकडे यावरून पिढ्यानपिढ्या भांडणं झाली.

पहिल्या महायुद्धाने शब्द बदनाम केला असं सगळे विद्वान एकमेकांचं वाचून सांगतात, ते इंग्रजीपुरतं ठीक आहे. मराठीत तो बिघडला आवाजामुळे, असं माझं ठाम मत. पाखंड, थोतांड, बंड, आणि त्यांच्या पंगतीत हा प्रोपगंडा, अर्थ न कळताही माणूस नाक मुरडणारच. मुंबई-वसईकडे हा शब्द इंग्रजी पेपरांच्या आधी चर्चमधूनच कानावर पडला असणार असंही मला वाटतं, पण ते परत कधीतरी.

कोशवाले 'अपप्रचार' लिहून मोकळे होतात. 'प्रचारपट' म्हणा ना, चांगला रुळलेला शब्द आहे, आणि ज्याला 'अप' हवाच असेल त्याने तो लॅटिनमध्ये कुठे आहे ते आधी दाखवावं.