लोखंडासारख्या स्वस्त धातूपासून निओडिमियमच्या तोडीचं चुंबक का बनवत नाहीत?

निओडिमियम हा दुर्मीळ मृदा गटातला धातू. गंमत अशी की त्याच्या चुंबकातही वजनाने सुमारे ७० टक्के लोखंडच असतं. ताकद मुख्यतः लोखंडाचीच. नुसत्या लोखंडाचं चुंबकन २.१ टेस्लापर्यंत जातं, निओडिमियम चुंबकाचं १.६. लोखंडाकडे नाही तो हट्ट, म्हणजे चुंबकनाची दिशा न सोडणं. त्याचा स्फटिक घनाकार, बऱ्याच दिशा सारख्याच सोयीच्या, त्यामुळे उलटं चुंबकीय क्षेत्र आलं की त्याचं चुंबकनही वळतं. निओडिमियमचे अणू त्याला एकाच दिशेला धरून ठेवतात.

हा हट्ट स्वस्तात आणायचा म्हणून मी अडीच वर्षं मँगनीज-अॅल्युमिनियमवर घालवली. हे दोन्ही धातू एकेकटे चुंबकाला चिकटत नाहीत, पण साधारण ५५:४५ प्रमाणात नीट जमले की त्यांचंच चुंबक होतं! नीट जमणं हीच मेख. वितळवताना मँगनीजची वाफ होते, भट्टीच्या आत काळा थर बसतो आणि मोजून घेतलेलं प्रमाण हलतं. मग लोहार कोयत्याला पाणी देतो तसं हजारेक अंशांवरून झटकन थंड करायचं आणि पुन्हा ५०० अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवायचं. काही मिनिटंच. एकदा फोन घ्यायला बाहेर गेलो, परत येऊन नमुन्याजवळ चुंबक नेलं तर नमुना ढिम्म. हवी ती रचना मोडून गेली होती. चिमूटभर कार्बन घातला की ती जरा तग धरते. हट्ट वाढवायला भुकटी बारीक दळावी, तर ताकद घटते.

दुसरा उमेदवार टेट्राटीनाइट, हे लोखंड-निकेलचं खनिज उल्कांमध्ये सापडतं. ते सुमारे ३२० अंशांखालीच बनतं आणि तिथे अणू जवळपास हलतच नाहीत, म्हणून अवकाशात त्याला लाखो वर्षं लागली. २०२२ मध्ये केंब्रिजच्या गटाने फॉस्फरस घालून ते झटपट बनवल्याचं जाहीर केलं. पण त्याचे बारीक कण दिसणं वेगळं आणि मुठीत मावणारं चुंबक हाती येणं वेगळं.

मला जास्त भरवसा लोह-नायट्राइडचा वाटतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिसची नायरॉन मॅग्नेटिक्स ही कंपनी त्याची चुंबकं बनवते. कच्चा माल लोखंड आणि हवेतला नायट्रोजन. अडचण उष्णतेची: दोनशेएक अंशांच्या वर त्याचं विघटन व्हायला लागतं, त्यामुळे भुकटी भट्टीत भाजून घट्ट करायची नेहमीची रीत चालत नाही.

२०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यापासून हा प्रश्न बरेच जण विचारतात. इ-स्कूटरच्या मोटरमधून निओडिमियम एवढ्यात हटेल असं मला वाटत नाही. फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडचं स्वस्त पण कमजोर चुंबक) आणि निओडिमियम यांच्या ताकदीमध्ये मोठी मोकळी जागा आहे, ती आधी भरेल. सुरुवात स्पीकरपासून होईल, तिथे उष्णता कमी असते.